दवाखान्याचं वावर

आमच्या घरात वावरांना गट नंबरानं कोणी ओळखत नाही. नाल्यापलीकडचं ते तेरवीचं वावर. आमराईला लागून होतं ते मुदतीच्या तापाचं. ते आता दुसऱ्याच्या नावावर आहे, तरी आमच्या बोलण्यात नाव तेच चालतं. आणि रस्त्याच्या बाजूचं तीन एकर, ते दवाखान्याचं. त्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरेपर्यंत माझं कॉलेज होऊन गेलं होतं. घरात नवीन सून आली की तिला ही नावं विचित्र वाटतात. मग वर्षभरात तीच निंदायला आलेल्या बायांना सांगते, "उद्या तेरवीच्या धुऱ्यापासून लागा."

झरी जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. खाली पैनगंगा, नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. काळी, कापसाची जमीन. तिच्या पोटात चुनखडी, म्हणून मुकुटबनला आता सिमेंटचा कारखाना उभा आहे. डोंगराच्या कडेकडेनं कोलामांचे पोड, गोंड-परधानांच्या वस्त्या. आमचं गाव मुकुटबनपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण पुढं ज्यांच्या गोष्टी येतात त्यांची नातवंडं अजून तिथंच नांदतात. आमच्याकडचा माणूस आजारी पडला की आधी वणी किंवा पांढरकवडा, मग यवतमाळ, मग सावंगी नाही तर सेवाग्राम, आणि शेवटी नागपूर. म्हातारी माणसं ही नावं पायऱ्यांसारखी सांगतात. कोण किती पायऱ्या चढला ते ऐकलं की त्या घरावर किती कर्ज झालं असेल ते विचारावं लागत नाही.

तेरवीच्या वावराची गोष्ट आजी सांगायची, आणि तिला तिच्या सासूनं सांगितलेली. 1918 सालची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. सकाळी एकाला पोचवून माणसं घरी यायची तर दुसरा तयार. त्या साली वऱ्हाड-मध्यप्रांतात माणसं इतकी मेली की काही घरांना कापूस वेचायलाही कोणी उरलं नाही. आमच्या पणजोबांचे दोन भाऊ आठवड्याच्या आत गेले. औषधपाणी म्हणजे काढा आणि अंगाऱ्याची पुडी; वणीला सरकारी दवाखाना होता, पण बंडीत घालून तिथपर्यंत नेण्याइतका वेळ त्या तापानं कोणालाच दिला नाही. जिल्ह्याचं नाव 1905 पर्यंत वणीच होतं, कचेऱ्या मात्र यवतमाळला. मोठं साहेबी दुखणं यवतमाळला जायचं, आमचं घरीच मरायचं, असं आजी म्हणायची.

आजाराला खर्च आला नाही. खर्च आला तो दोन तेरव्यांना. पाच गावचं जेवण, गूळ-तूप, ब्राह्मणाची दक्षिणा, भाऊबंदांना पागोटी. पणजोबांनी सावकाराकडून पैसे घेतले आणि नाल्यापलीकडचं वावर लिहून दिलं. ते कर्ज पंधरा वर्षं फिटलं नाही. मग 1929 नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला, सावकारांच्या वह्या फुगत गेल्या, आणि मध्यप्रांत सरकारला 1933 साली कायदा करून कर्ज समझोत्याची मंडळं नेमावी लागली. देणेकरी आणि सावकार समोरासमोर बसवायचे, रक्कम खाली आणायची, हप्ते पाडायचे. पणजोबा अंगठेबहाद्दर, पण मंडळापुढं त्यांनी म्हणे एकच गोष्ट धरून ठेवली: जेवलं गाव, तर पैसे मी एकट्यानं का द्यावे? मंडळातली माणसं हसली, सावकारही हसला, आणि व्याजाचा बराच भाग सुटला. ही हकीकत किती खरी आणि किती आजीच्या सासूनं रंगवलेली, देव जाणे. वावर मात्र आमच्याकडं राहिलं.

दुसरं वावर राहिलं नाही.

माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणतो, सातवीत असताना त्यांना मुदतीचा ताप आला. 1960 च्या आसपासची गोष्ट. आधी भगताकडे नेलं, मग गावातल्या वैद्याकडे. तिसऱ्या आठवड्यात पोरगं बरळायला लागलं तेव्हा आबाजींनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, रातोरात बंडी जुंपली. बंडीत कडबा, कडब्यावर गोधडी, गोधडीवर मोठे बाबा, आणि आजी त्यांच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवत बसलेली. फटफटलं तेव्हा वणी आली. डॉक्टरनं क्लोरोमायसेटिन लिहून दिलं. टायफाइडवर नेमकं लागू पडणारं ते पहिलंच औषध. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत जगातल्या कुठल्याही राजाला ते मिळालं नसतं. वणीच्या बाजारात ते कॅप्सुलीच्या नगावर मिळायचं. आबाजी रोज दुकानात जाऊन त्या दिवसापुरत्या कॅप्सुली घ्यायचे आणि धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. आजीला त्या कॅप्सुलींचा पांढरा रंग आणि त्यावरचा करड्या रेघेचा पट्टा मरेपर्यंत आठवत होता. एक कॅप्सूल एकदा खाटेखाली घरंगळली तर कंदील घेऊन सगळ्या वॉर्डातल्या बाया शोधायला लागल्या होत्या.

पैसे आले ते आमराईजवळच्या चार एकरावर. गहाणखत नाही, सरळ खरेदीखत. 'पैसे आणून दे, वावर परत घे' हा शब्द तोंडी. तो शब्द ज्यानं दिला तो तीन वर्षांनी वारला, आणि त्याच्या मुलाकडं कागद तेवढा उरला. पुढं 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानं अशा व्यवहारातली जमीन चौकशी करून परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला दिला. पण त्यातही व्यवहार किती वर्षांपूर्वीचा चालेल याला हद्द आहे. आमचा व्यवहार त्या हद्दीच्या कितीतरी पलीकडचा, म्हणजे बापजाद्यांच्या काळातला.

मोठे बाबा पुढं चांगले पुष्कळ वर्षं जगले. कोणी त्यांच्या तब्येतीचं कौतुक केलं की म्हणायचे, "मी चार एकराचा माणूस हाय, मले काय होते?" हे ऐकून आम्ही हसायचो. पण एकदा माझ्या बाबांनी हिशेब बोलून दाखवला. मानमोडीत पणजोबांचे दोन भाऊ गेले आणि वावर वाचलं. मुदतीच्या तापात भाऊ वाचला आणि वावर गेलं. औषध नव्हतं तेव्हा गरीब-श्रीमंत एकाच तापानं मरत होते. औषध आल्यावर मरण टाळता यायला लागलं, पण टाळण्याला किंमत लागली, आणि ती किंमत रोकडीत, त्याच दिवशी. ज्याच्याकडं विकायला काही होतं त्याचं पोरगं घरी आलं. पोडावरच्या पोरांचं काय झालं, हे त्या गोष्टीत येत नाही. तो भाग मला मामाकडून कळला.

मामा म्हणजे आमच्याकडं साल घातलेला कोलाम गडी. गावातली सगळी पोट्टी त्याला मामाच म्हणत. साल पाडव्याला लागतं आणि पाडव्याला संपतं. वर्षाची ज्वारी, थोडी रोकड, एक धोतर, एक घोंगडी, पायात जोडा. पण रोकडीतली बरीचशी रक्कम गड्यानं आधीच उचललेली असते. मामाची उचल बायकोच्या बाळंतपणातल्या दुखण्याची होती. तिला वणीला नेलं, मूल गेलं, ती वाचली. त्या उचलीपायी मामानं पहिलं साल घातलं, ते फिटलं नाही म्हणून दुसरं, मग तिसरं. शिवाय त्याच आजारात त्यानं गावातल्या सावकाराकडं पितळेचा गुंड आणि बायकोचे चांदीचे गोठ ठेवले होते. आबाजी एकीकडं सावकाराचे कूळ आणि दुसरीकडं मामाचे धनी. त्यांच्या कोनाड्यात दोन वह्या होत्या, एकीत देणं, एकीत घेणं. देण्याची वही ते कपाळाला हात लावून उघडायचे. घेण्याची उघडताना हात कपाळाला जायचा नाही.

22 ऑगस्ट 1975 ला महाराष्ट्र सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला. आणीबाणी लागून दोनच महिने झाले होते. शेतमजूर, अगदी थोडी जमीन असलेले शेतकरी, गावचे कारागीर, कमी मिळकतीचे कामगार यांच्यावरचं सावकारी देणं संपलं, आणि गहाण ठेवलेल्या वस्तू सावकारानं परत करायच्या. पुढं ऑक्टोबरात केंद्राचा वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम आला. सावकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1977 साली फतेचंद हिम्मतलाल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं महाराष्ट्राचा कायदा टिकला. हे सगळं मला मोठेपणी पुस्तकांत सापडलं. गावात जे घडलं ते आजीनं पाहिलं होतं.

तहसीलदाराची जीप आली. चावडीपुढं सतरंजी अंथरली. सावकाराच्या माणसानं पोत्यांतून भांडी काढून ओळीनं मांडली: गुंड, परात, समया, तांब्ये, एका फडक्यात बांधलेले गोठ-वाळे. प्रत्येक भांड्याच्या बुडाला खिळ्यानं नंबर कोरलेला. मामाचा गुंड ओळखायला नंबर लागला नाही, काठाला पोचा होता. बायको पुढं झाली, तिनं गुंड उलटा केला, आत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "यानं याच्यात तेल ठेवलं होतं." सावकाराच्या माणसानं मान खाली घातली. आजी हे सांगताना दरवेळी हात गुंडात घातल्यासारखा करायची.

आबाजी तिथं उभे होते. त्यांना अकरा एकर. कायद्यातल्या कुठल्याच व्याख्येत ते बसत नव्हते, त्यामुळे त्यांचं सावकाराचं देणं तसंच राहिलं, आणि मामावरचं त्यांचं घेणं गेलं. घरी येऊन त्यांनी एकच वही चुलीत घातली, ती घेण्याची. आजी म्हणायची, चुलीत घातली म्हणजे मोठ्या मनानं घातली असं समजू नको. दोन दिवस जेवले नाहीत. मामानं पुढच्या पाडव्याला साल घातलं नाही. तो मजुरीला जाऊ लागला, रोख घेऊ लागला. आमच्याकडंही यायचा, पण ओसरीवर बसायचा, पूर्वीसारखा गोठ्यात नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण दुसऱ्याच वर्षी मामाच्या भावाला परड नावाच्या सापानं धरलं आणि वणीला न्यायला पैसे हवे होते. सावकारानं दार उघडलं नाही. आबाजींनीही दिले नाहीत. 'आता कायदा आहे' असं दोघंही म्हणाले. सरकारनं जुनं देणं पुसलं, ते चांगलंच केलं. पण ज्या रात्री पैसा लागतो त्या रात्री तो कुठून यावा, याची सोय त्या वटहुकमात नव्हती. गावातल्या दवाखान्यात सापाची लस असती तर सावकाराचं दार वाजवायची पाळीच आली नसती. मामाचा भाऊ वाचला तो एका ट्रकवाल्याच्या मेहेरबानीनं, पण पायाचा पंजा गेला.

ती सोय कशी करता येते याचा एक नमुना आमच्याच विदर्भात होता, आणि तो मला आत्याच्या तोंडून कळला. आत्या वर्ध्याकडं, सेवाग्रामजवळच्या गावात दिली. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून आसपासच्या खेड्यांत जात होते. त्यांनी आरोग्याचा फंड उभा केला तो ज्वारीवर. सुगी झाली की घरोघरी ज्वारी गोळा करायची. ज्याच्याकडं जमीन जास्त त्यानं जास्त पायल्या द्यायच्या, भूमिहीनानं थोड्या. गावानं सभा घेऊन ठरवायचं, गावातलीच आरोग्यसेविका निवडायची, साधी औषधं गावातच. अचानक आलेल्या दुखण्याला तिची चिठ्ठी घेऊन सेवाग्रामला गेलं की बिल नाही. जे दुखणं ठरवून, महिना पाहून करता येतं त्याचा थोडा भार घरानं उचलायचा.

आत्या सांगायची की पहिल्या वर्षी तिच्या सासऱ्यांनी किडकी ज्वारी घातली. दुसऱ्या वर्षी त्यांचाच हर्निया अडकला आणि रात्रीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः पायली धरून मोजली आणि शेजाऱ्याच्या ज्वारीत खडे निघाले म्हणून भांडण केलं. मला या सबंध योजनेत सगळ्यात शहाणपणाची वाटते ती वेळ: माणूस सुगीत देतो, जेव्हा घरात काहीतरी असतं, आणि आषाढ-श्रावणात घेतो, जेव्हा घर रिकामं असतं आणि आजार नेमके तेव्हाच येतात. पैसा मागावा लागत नाही. चिठ्ठी घेऊन जाणारा कोणाच्या उपकाराखाली नसतो, ज्वारी त्याचीच असते.

आमच्याकडं असं का झालं नाही? एक म्हणजे सेवाग्रामसारखं रुग्णालय हाकेच्या अंतरावर नव्हतं. फंडाला मागं उभा राहणारा दवाखाना लागतो. आणि दुसरं, ज्वारीच राहिली नाही. कापूस, मग सोयाबीन, बांधाला तूर. घरात धान्याची कणगी असणं आणि हाती कापसाचा चुकारा येणं यात मोठा फरक आहे. चुकारा आला की त्याला वाटा फुटतात, सुगीतच.

दवाखान्याच्या वावराची गोष्ट माझ्या डोळ्यादेखतची. 2004 चा मृग. आईच्या पिशवीचं ऑपरेशन सांगितलं, लगेच करा म्हणाले. कुठल्या गावच्या कुठल्या डॉक्टरनं, ते असू द्या. करायला हवं होतं का हेही आता विचारून उपयोग नाही. बाबांनी सोसायटीतून खरिपाचं पीककर्ज उचललं. फॉर्मवर कारण आधीच छापलेलं असतं, शेतकऱ्यानं फक्त सही करायची. बी-बियाणं आणि खत. ते पैसे सरळ ऑपरेशनला गेले, आणि बियाणं आणलं ते कृषी केंद्रातून उधारीवर, रोखीपेक्षा चढ्या भावानं. वरचे लागले ते शेकडा तीन महिन्यानं. त्या साली कापूस बेताचाच झाला. कर्ज थकलं.

2008 ला केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफ. आमची जमीन त्याहून जास्त, कोरडवाहू. आम्हाला सवलत मिळणार होती ती आधी बाकीचा मोठा हिस्सा भरल्यावर. विदर्भातल्या कोरडवाहू अकरा एकराचं उत्पन्न आणि उसाच्या पट्ट्यातल्या चार एकराचं उत्पन्न यांची तुलना तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी केली, उपयोग झाला नाही. बाबांना भरणं जमलं नाही. थकबाकीदार म्हणून नवीन पीककर्ज बंद, म्हणून पुन्हा शेकडा तीन. शेवटी 2017 च्या राज्याच्या माफीत, दीड लाखाच्या आत असल्यानं, बोजा उतरला.

मला तेव्हा लख्ख कळलं की सरकारनं माफ केलं होतं ते आईचं ऑपरेशन. कागदावर ते कापसाचं कर्ज. अशी किती ऑपरेशनं, किती डिलिव्हरी, किती डायलिसिस त्या याद्यांमध्ये बियाण्याच्या नावानं बसली असतील, कोण मोजणार? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2014 च्या फेरीत खेड्यांतल्या चौथ्या हिश्श्याएवढ्या घरांनी इस्पितळाच्या खर्चाचा मुख्य आधार म्हणून उसनवारीच सांगितली होती. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचं हे दुखणं निदान चुकून तरी माफ होतं. मामाच्या नातवाकडं सातबारा नाही. त्याला पीककर्ज नाही, म्हणून माफीही नाही. त्याच्या घरी आजारपण आलं की बायको फायनान्सच्या गटातून पैसे उचलते आणि दर आठवड्याला हप्ता घ्यायला मोटारसायकल येते. फॉर्मवर तिथंही कारण दुसरंच लिहिलेलं असतं. शिलाई मशीन, बहुतेक.

अमेरिकेत दवाखान्यांची थकलेली बिलं वसुली करणाऱ्या कंपन्यांना कवडीमोलानं विकली जातात. तिथल्या वसुलीच्याच धंद्यातल्या दोघांनी 2014 साली एक संस्था काढली. देणग्या गोळा करायच्या, ती बिलं त्याच कवडीमोलानं विकत घ्यायची आणि फाडून टाकायची. कल्पना मोठी नामी आहे. पण आमच्या भागात ती चालणार नाही, कारण आमच्याकडं दवाखान्याचं बिल थकतच नाही. खाजगी दवाखान्यात आधी डिपॉझिट भरावं लागतं आणि पूर्ण भरल्याशिवाय सुट्टी मिळत नाही. दवाखाना मोकळा होतो. देणं उरतं ते मेहुण्याचं, कृषी केंद्राचं, फायनान्सचं, धन्याचं. ते विकत घ्यायचं तर कोणाकडून घेणार?

नदीपलीकडं तेव्हाच्या आंध्रात 2007 ला आरोग्यश्री सुरू झाली, त्यानंतर आमच्या गावात तिची बातमी सोयरिकीच्या वाटेनं आली. आदिलाबादकडच्या व्याह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन फुकट झालं, पांढरं कार्ड होतं म्हणून. ऐकणाऱ्यांना पटेना. आपल्याकडं पांढरं रेशनकार्ड म्हणजे पैसेवाला. गरिबाचं पिवळं, मधल्याचं केशरी. तिकडं पांढरंच गरिबाचं. आमच्या गावच्या एका गुरुजींनी आपलं पांढरं कार्ड घेऊन आदिलाबादला जाण्याची तयारी केली होती, असं लोक अजून हसून सांगतात. त्याच धर्तीवर आपल्याकडं राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 च्या जुलैत आठ जिल्ह्यांत आली. त्यांत अमरावती होतं, नांदेड होतं, यवतमाळ नव्हतं. आमच्याकडं ती नोव्हेंबर 2013 ला पोचली. 2017 ला तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही तिच्यात घेतलं. आणि 1 जुलै 2024 पासून कार्डाचा रंग पाहायचाच नाही असं ठरलं, कुटुंबामागं वर्षाला 5 लाखांपर्यंत.

या योजनेनं माणसं वाचली आणि वावरंही वाचली, हे मी माझ्या घरापुरतं तरी शपथेवर सांगते. मोठ्या बाबांच्या हृदयात स्टेंट पडला तो योजनेतून. आरोग्यमित्राच्या टेबलापुढं ते कार्ड घेऊन बसले आणि म्हणाले, "याले वावर लागत नाई?" पण त्याच आजारात तपासण्या भरती होण्याआधीच्या, त्या खिशातून. गाडीभाडं खिशातून. माझा चुलतभाऊ नागपूरला त्यांच्या उशाशी राहिला तेव्हा त्याची वेचणीची मजुरी बुडाली, दोन वेळचं जेवण वेगळं. घरी आल्यावर रक्त पातळ करायच्या गोळ्या दर महिन्याला, त्या खिशातून. 2017 च्या फवारणीच्या विषबाधेतही हेच दिसलं. जिल्ह्यात त्या खरिपात वीसहून जास्त माणसं दगावली, शेकडो यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात पडून होती, आणि त्यांत रोजंदारीवर पंप पाठीला लावणारे पुष्कळ. खाट मिळाली. पण उशाशी बसलेल्या बाईचा रोज बुडत होता आणि तो कुठल्याच पॅकेजात बसत नाही.

देशाच्या आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, तो 2021-22 पर्यंत 39 वर आला, असं सरकारी लेखे सांगतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. तरीही मला वाटतं, आमच्या तालुक्यात स्वस्ताई येईल ती अंतरानं. झरीला किंवा मुकुटबनला रात्री डॉक्टर हजर असेल, रक्त तपासून मिळेल, बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिना मिळतील, तर पाचातल्या चार आजारांना वरच्या पायऱ्या चढाव्याच लागणार नाहीत. पाच लाखांचं कार्ड पाचव्या आजारासाठी आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका पोडावरच्या ग्रामसभेला बसले होते. आमच्या भागातली बरीच आदिवासी गावं पेसा कायद्याखाली येतात. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट त्यांच्या खात्यावर येतो, आणि तो ज्यांवर खर्चायचा त्यांत आरोग्य आहे. मामाच्या नातवानं विषय मांडला: रात्रीच्या गाडीचं भाडं आणि दवाखान्यात सोबत राहणाऱ्याची खोराकी यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवायचे. 108 ची गाडी येते, पण परत सोडत नाही. ग्रामसेवक म्हणाले, खोराकी कोणत्या शीर्षाखाली टाकू? ऑडिट मला विचारेल. एक म्हातारी उठली. "पैसे ठेवसान," ती म्हणाली, "पण मांगाले कोन येईन? ज्याच्या घरी दुखनं हाय त्याले बाहेर निघाले फुरसत हाय का?" मग ठरलं की मागायला कोणी यायचं नाही, आशाताईनं सांगितलं की बचत गटाच्या बायांनी पैसे घरी नेऊन द्यायचे. परत करायचे की नाही यावर तासभर भांडण झालं. नातू म्हणाला, नको. म्हातारी म्हणाली, सुगीत ज्याला जमेल त्यानं तुरी द्याव्या, पायलीनं. ग्रामसेवकानं तुरीचं शीर्षही कुठं बसत नाही म्हणून सांगितलं. शेवटी ठरावात भाडं तेवढं आलं, आणि तुरीची गोष्ट बायांनी आपल्या वहीत वेगळी लिहून घेतली.